जगातला एक नंबरचा सिनेमा आणि बटाट्याची भाजी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३२, शिरोली एमआयडीसीत नोकरी, लग्नाला दोन वर्षं झाली. कॉलेजात असताना फिल्म क्लबमुळे जगभरचे सिनेमे बघायचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. बायकोबरोबर जगातले शंभर श्रेष्ठ सिनेमे बघायचे, असं त्यांनी लग्न ठरलं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. यादी वहीत उतरवून काढली. आठ महिन्यांत अकरा सिनेमे झाले, त्यातल्या सातांना पत्नी मध्येच झोपली. ती इचलकरंजीत बँकेत नोकरीला आहे, रोज बसने जाऊन-येऊन करते. घरात आई आहेत. गेल्या महिन्यात या पत्रलेखकांनी 'जगातला एक नंबरचा' म्हणून गाजलेला सव्वातीन तासांचा सिनेमा लावला. पडद्यावरची बाई बटाटे सोलायला बसली, तशी पत्नी म्हणाली, "हे तर मी आत्ताच करून आले," आणि कूस बदलून झोपली. तेव्हापासून वही बंद आहे. 'तिला आवडतो तो अशी ही बनवाबनवी, तोही विसाव्यांदा. ताई, तिची अभिरुची कशी घडवू? की हा नाद माझ्यापुरताच ठेवू?' असं ते विचारतात.

—

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बटाट्यापाशी हसले. रागावू नका. सिनेमाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण सव्वातीन तास, बटाटे आणि 'एक नंबर' म्हटल्यावर दुसरा कुठला असणार? शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान डीलमन', १९७५चा. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा शिकणारा मुलगा आणि तिचे तीन दिवस. ती स्वयंपाक करते, भांडी विसळते, टब घासते, अंथरूण घालते आणि काढते. कॅमेरा जागचा हलत नाही आणि कामाला जेवढा वेळ लागतो तेवढा पडद्यावरही लागतो. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. एवढंच. पण तिथून आपल्या पोटात गोळा यायला लागतो, कारण जिचं कधी काही चुकत नाही तिचं काहीतरी चुकलं आहे. हा सिनेमा काढला तेव्हा अकरमन जेमतेम पंचविशीच्या होत्या. बायका दिवसभर घरात जे करतात ते असं घड्याळ लावून पडद्यावर मांडायचं धाडस त्यांनी केलं.

आणि तुमच्या मिसेस म्हणाल्या, "हे तर मी आत्ताच करून आले."

अहो, या सिनेमावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, ते यांनी सहा शब्दांत सांगून टाकलं! तुम्हाला तो सिनेमाचा अपमान वाटला. मला विचाराल तर त्या रात्री त्या खोलीत सिनेमा कुणाला पोचला असेल तर तो त्यांनाच. तुम्ही तेव्हा नुसतं "म्हणजे?" असं विचारलं असतं, तर झोप उडून तासभर गप्पा झाल्या असत्या. त्या दिवशी घरात भाजी कसली होती, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आठवतंय का बघा.

'अभिरुची घडवू' हा शब्द मला खटकला, तो याचसाठी. घडवायला त्या काही कुंभार गल्लीतली माती नाहीत. पत्रात तुम्ही चार वेळा 'तिला दाखवला' असं लिहिलं आहे. 'आम्ही बघितला' एकदाही नाही. दाखवणारा माणूस सिनेमा बघत नसतो, तो समोरच्याचं तोंड बघत असतो: हसली का, डोळे पाणावले का, आता तो प्रसिद्ध शॉट येणार आहे, मोबाईल तर हातात नाही ना. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मुलीवर असतं तसलं दडपण येतं त्या नजरेचं. अशा वेळी झोप लागणं ही सुटकाच म्हणायची.

बरं, ज्या यादीवर तुम्ही एवढी भिस्त ठेवलीत तिची गंमत सांगते. 'साईट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला एक नंबरवर आला इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज', जो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. 'सिटिझन केन' त्या वेळी पहिल्या दहातसुद्धा नव्हता. १९६२ला तो वर चढला आणि २००२च्या कौलापर्यंत तिथेच बसून राहिला. २०१२ला हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला उठवलं, आणि हा 'व्हर्टिगो' १९५८ला लागला तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नव्हतं. २०२२ला आली तुमची बटाटेवाली. मत देणारी माणसं बदलली की नंबर बदलतो. तुमच्या घरच्या यादीत मतदार दोन आहेत आणि आजवर मतदान एकट्यानेच केलं आहे.

वहीतली पहिली वीस नावं तुम्ही पत्रात दिलीत. त्यात मराठी एकही नाही. तुमचा पत्ता राजारामपुरीचा, म्हणून जरा जास्तच लागलं मला. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून १९२० साली 'सैरंध्री' काढला तो याच गावात. प्रभात कंपनी १९२९ला इथेच निघाली, पुण्याला गेली ती १९३३ला. पहिला मराठी बोलपट, १९३२चा 'अयोध्येचा राजा', पुण्याला जाण्याआधीच्या प्रभातचा, म्हणजे आपल्या गावचा. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. पेंटरांचे बहुतेक मूकपट आज बघायलाच मिळत नाहीत, काळाने खाल्ले. निदान जे उरलंय ते तरी वहीत असू द्या. असो, हा माझा जुना रडगाण्याचा विषय आहे, पुढे जाते.

१९८२ साली मी आणि आमच्या ह्यांनी 'उंबरठा' बघितला. रात्रीचा खेळ होता. स्मिता पाटीलची सुलभा घर, नवरा, लहान मुलगी सोडून महिलाश्रमाची नोकरी करायला जाते. सुटल्यावर आम्ही रंकाळ्याकडून चालत निघालो. ह्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली होती, ती उघडलीच नाही. ते म्हणाले, "पोरीला टाकून जाणं काही बरोबर नाही." मी गप्प. पुढे म्हणाले, "नवऱ्याचं काय चुकलं होतं?" मी तरी गप्प. घराच्या पायरीशी आल्यावर मात्र मी जे बोलायला लागले, ते शेजारच्या काकूंनी दिवा लावेपर्यंत. तीन दिवस आमचं हे चाललं होतं, जेवताना, कपडे वाळत घालताना. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला जायचं होतं का कुठं?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं आणि ते त्यांनाही कळलं. त्या सिनेमाला कुठल्या यादीत कितवं स्थान आहे, हे मला आजही माहीत नाही.

तुम्हाला नेमकं हेच हवं आहे ना? आपल्याला जे भिडतं त्याबद्दल घरात बोलायला कुणीतरी असावं. ती इच्छा चुकीची नाही, लग्नातली अगदी साधी, रास्त इच्छा आहे. फक्त तिची वाट तुमच्या वहीपासून सुरू व्हायची असं काही नाही. 'बनवाबनवी'पासून सुरू होऊ दे.

हसू नका. १९८८चा हा सिनेमा आज दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. 'अभिजात' ठरवायला आणखी कुठली कसोटी लावणार? विसाव्यांदा त्यांच्या शेजारी बसा आणि मग धागा धरून मागे जा. घर मिळेना म्हणून पुरुषांनी बायकांचा वेष घ्यायचा ही गंमत हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मध्ये सापडेल. त्याच्याही मागे बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट', १९५९चा. तिथे दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात घुसतात. आणि बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला लुगडं नेसलेला पुरुष काही नवा नाही, यावर तुमच्या आईसुद्धा दोन गोष्टी सांगतील. प्रभाव म्हणतात तो हाच. तो पुस्तकात वाचला की कंटाळा येतो. आपल्या आवडत्या सिनेमाची आजी शोधायला निघालं की मजा येते.

असे धागे आपल्याकडे भरपूर आहेत. 'दिल है के मानता नहीं' त्यांनी बघितलेला असणारच. त्याच्या आधी राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी', १९५६चा, आणि दोघांच्या मुळाशी फ्रँक काप्राचा १९३४चा 'इट हॅपन्ड वन नाइट'. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार रात्रीच्या बसमध्ये एका सीटवरून भांडतात. नाइलाजाने एका खोलीत राहायची वेळ येते, तेव्हा दोन पलंगांच्या मध्ये दोरी बांधून तो त्यावर चादर टाकतो. पावणेदोन तासांचा सिनेमा, पण निम्मं प्रेम त्या चादरीनेच जमवलेलं. रोज इचलकरंजीच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या बाईला सीटचं महत्त्व तुमच्यापेक्षा चांगलं कळेल! 'पिंजरा' घरात सगळ्यांना आवडत असेल तर त्याच्यामागचा जर्मन 'द ब्लू एंजल' बघा, १९३०चा. आपला मास्तर तिथे प्राध्यापक आहे आणि फडाच्या जागी कॅबरे. 'शोले'वरून जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'सेव्हन समुराई'कडे जाणारा रस्ता तुम्हाला ठाऊकच असेल, पण तो साडेतीन तासांचा आहे. एवढ्यात नको.

आता नवरा-बायकोने मिळून बघावेत असे. इथे मी थोडी हट्टी आहे. पहिला सत्यजित राय यांचा 'अपूर संसार', १९५९चा. लग्नाला गेलेला अपू ध्यानीमनी नसताना स्वतःच नवरा होऊन परततो, कलकत्त्याच्या गळक्या खोलीत नवी नवरी घेऊन. एका सकाळी तो जागा होतो तर उशीपाशी तिच्या केसांतला आकडा पडलेला. तो हातात घेऊन बघत राहतो. सिगारेट ओढायला पाकीट उघडतो, तर आत तिने चिठ्ठी लिहून ठेवलेली: जेवणानंतर एकच, असं कबूल केलं आहेस. तो बाहेर बघतो, ती चुलीला वारा घालत बसलेली. संवाद जवळजवळ नाहीच. दोन वर्षं झालेल्या जोडप्याला हे बघायला सबटायटलही लागणार नाहीत. पुढे सिनेमा फार दुःखाकडे वळतो, हे आधी सांगून ठेवा. थकलेल्या माणसाला न सांगता रडवू नये.

दुसरा 'कुंकू', १९३७चा, शांतारामबापूंचा. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटेंच्या नजरेतला तो ठामपणा आज बघितला तरी सोफ्यावर माणूस सरळ होऊन बसतो. तिसरा भालजींचा 'साधी माणसं', १९६५चा, सूर्यकांत आणि जयश्री गडकर, भात्याशी राबणारं जोडपं. त्याचं संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिलं होतं. आईंनाही बोलवा. भट्टीजवळचं ते गाणं सुरू झालं की त्या म्हणायला लागतील, आणि तुमच्या मिसेस ओळ धरतील. तुम्ही फक्त आवाज वाढवा.

थोडं व्यवहाराचंही बघू, कारण मला वाटतं तुमची निम्मी अडचण सिनेमाची नाहीच, घड्याळाची आहे. दिवसभर बँकेत आकड्यांकडे डोळे लावलेल्या, साडेसातला घरी येऊन ओट्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री दहाला इंग्रजी सबटायटल वाचायला लावणं म्हणजे ओव्हरटाइम झाला. रविवार दुपारचं तर नावच काढू नका. तांबडा-पांढरा जेवून उठल्यावर कुरोसावासुद्धा आडवा झाला असता. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. म्हणजे महिन्यातले दोन शुक्रवार तुमचे. एक त्यांच्या निवडीचा, एक तुमच्या. पहिला त्यांचा. वर्षाचे चोवीस होतात, शंभरला चार वर्षं लागतील. कुठं जायचंय घाईनं?

सुरुवातीला दीड-पावणेदोन तासांच्या पुढे जाऊ नका. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' १९३१चा, दीड तासाच्या आतला. बोलपट येऊन स्थिरावले तरी त्याने हट्टाने मूकच ठेवलेला, म्हणजे वाचायची कटकट नावापुरती. 'बायसिकल थीव्ज'ही दीड तासाचाच. ज्या घरात पहिली गाडी हप्त्यावर घेतली गेली त्या घरात सायकल चोरीला जाण्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी भाषण नको, मध्ये थांबवून "हा शॉट बघ" नको. चाळीस मिनिटांनी कुणालाही "बास" म्हणायची मुभा ठेवा, आणि कुणी म्हटलं तर तोंड पाडायचं नाही. ही मुभा असली की ती फारशी कुणी वापरत नाही, हा माझा घरचा अनुभव. संपल्यावर "कसा वाटला?" हा परीक्षेतला प्रश्न विचारू नका. "तू तिच्या जागी असतीस तर?" असं विचारा, आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प राहा. तुम्हाला हे शेवटचं जड जाईल.

राहिला एकट्यापुरता नाद ठेवायचा प्रश्न. ठेवा की! सगळंच दोघांनी मिळून करायला कुणी सांगितलंय? तुमच्या वहीतले निम्मे सिनेमे एकट्याने, रात्री हेडफोन लावून बघण्याचेच आहेत. कॉलेजातल्या त्या मित्रांना गाठा, एखाद्या फिल्म सोसायटीच्या खेळाला जा. तिथे तुम्हाला शॉटवर वाद घालणारी माणसं भेटली की घरच्या शुक्रवारवरचा भार आपोआप कमी होईल. त्याही इचलकरंजीच्या मैत्रिणींबरोबर काही बघत असतील, जे तुम्हाला आवडणार नाही. उलट पत्रंही मला येतात. सांगलीच्या एक बाई नवऱ्याला जुने बंगाली सिनेमे बघायला बसवतात आणि तो क्रिकेटचा स्कोअर बघतो म्हणून चिडतात. त्यांनीही वरचं सगळं आपलंच समजून वाचायला हरकत नाही.

मात्र एक गोष्ट तुम्ही त्यांनाच विचारायला हवी, मला नव्हे. त्या झोपतात ते कंटाळून, दमून, की 'आपल्याला काही कळलं नाही तर हा काय म्हणेल' या धास्तीने? पत्रावरून मला तिसरी शंका येते, पण माझा अंदाज चुकीचाही असेल. वही त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, यातलं काय खोडायचं ते खोड, काय लिहायचं ते लिही. लहानपणी त्यांनी पहिला सिनेमा कुठे बघितला होता, तेही विचारून ठेवा. दोन वर्षांत विचारलं नसेल असा माझा कयास आहे.

आणि येत्या दुसऱ्या शुक्रवारी स्वयंपाक तुमच्याकडे. बटाटे तुम्ही सोला, त्या येऊन बसल्या की मगच टीव्ही लावा.

ता. क. : आईंसाठी एक शुक्रवार 'संत तुकाराम' ठेवा, १९३६चा. व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी सांगते ते वेगळ्या कारणासाठी. त्यातल्या जिजाईकडे लक्ष ठेवा. नवरा विठ्ठलात रमलेला, आणि पोरांच्या तोंडात काय घालायचं याचा घोर तिला एकटीला. विष्णुपंत पागनीसांचे अभंग ऐकताना सासू-सुनेचे डोळे कुणावर खिळतात ते बघा. फक्त चोरून बघा.